पैनगंगेवरच्या भाकऱ्या

भाकऱ्या करायला मी एकाच दिवाळीत दोन ठिकाणी शिकले. सकाळी आजीच्या चुलीपुढं परातीत आणि दुपारी मामाच्या मागं मागं जाऊन पैनगंगेच्या पाण्यावर. वर्ष 1983, माझं वय नऊ. परातीतली भाकर कित्येक दिवस माझ्या हातून चिरत राहिली, उचलताना तुटत राहिली. नदीवरची मात्र तिसऱ्या दिवशीच जमली. दोन टप्पे पडले, मग गोटा बुडाला. दोनच, पण त्या दोन वर्तुळांकडं मी ती विरून जाईपर्यंत पाहत उभी होते.

चपटा दगड आडव्या हातानं असा फेकायचा, की तो पाण्याला नुसता घासून उडावा, पुन्हा घासावा, पुन्हा उडावा. जिथं जिथं तो टेकतो तिथं एक गोल उमटतो आणि पसरत जातो. काठावरून पाहिलं तर कुणी ओळीनं भाकऱ्या थापून ठेवल्यात असंच वाटतं. पहिल्या मोठ्या, पुढच्या लहान, शेवटच्या अगदी जवळजवळ पडलेल्या. लहान पोरांसाठी उरल्या पिठाची जी इवलीशी भाकर करतात तिला चानकी म्हणतात. त्या शेवटच्या बारीक टप्प्यांना आम्ही चानक्याच म्हणायचो. भांडणं व्हायची ती त्यांच्यावरूनच. "सात!" "नाही, पाच. शेवटच्या दोन दिसल्याच नाहीत." "दिसल्या! मी मोजल्या!"

हा खेळ आता आमच्या नदीवर उरलेला नाही. माणूस गेलं की निरोप येतो, तेरावा होतो, लोक भेटायला येतात. खेळ गेला तर कुणी सुतक धरत नाही, आणि तो नेमका कोणत्या दिवशी गेला हेही कुणी सांगू शकत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मामाचं गाव वाशीमच्या दक्षिणेला, अगदी नदीच्या काठावर. पैनगंगा बुलढाण्याकडं अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, मेहकरवरून रिसोड तालुक्यात येते आणि पुढं वाशीम आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. अलीकडं विदर्भ, पलीकडं मराठवाडा. माझा आजा पलीकडच्या काठाला शेवटपर्यंत मोगलाईच म्हणत राहिला. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, नदीपलीकडं निजामाचं राज्य राहिलं, आणि ते 17 सप्टेंबर 1948 पर्यंत टिकलं. आजाच्या लहानपणी हीच नदी दोन राज्यांची शीव होती. इंग्रजांनी केलेला जुना बासीम जिल्हा 1905 मध्ये मोडला, आताचा वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून निघाला. मी शिकले तेव्हा आमचं गाव अकोला जिल्ह्यात होतं. या सगळ्या काळात दोन्ही काठांवर गुरं चारणारी पोरं समोरासमोर उभी राहून पाण्यावर गोटे फेकत होती. हिवाळ्यात धार अरुंद झाली की एखाद्याचा गोटा टप्पे खात पलीकडच्या वाळूवर चढायचा, आणि पलीकडची पोरं तो उचलून परत इकडं फेकायची. गोटा त्यांच्या मोगलाईत चढला की तो आमच्याकडचा विजय, परत आला की त्यांचा.

या खेळाला ऋतू होता. पावसाळ्यात नदी गढूळ, अंगावर येणारी. तिच्यात गोटा फेकला काय आणि न फेकला काय. पोळ्याला बैल धुवायला माणसं नदीवर उतरायची तेव्हाही पाणी लालसरच असायचं. दसऱ्याच्या सुमारास ते निवळायला लागायचं. दिवाळीत काठाजवळ तळ दिसायचा. दिवाळी ते संक्रांत हा भाकऱ्यांचा खरा काळ. डोहाच्या वरच्या अंगाला पाणी गुडघाभर आणि इतकं संथ, की बगळा उडाला तर त्याची सावली आधी दिसायची. संक्रांतीनंतर धार सुतासारखी व्हायची, मग पात्रातल्या रेतीत डांगरवाड्या लागायच्या आणि पोरांचं लक्ष टरबुजांकडं जायचं.

पण पाण्याआधी गोटा. आमच्या खेळाचा निम्मा जीव गोटा शोधण्यातच होता. याचं कारण आमच्या जमिनीतच आहे. हा सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा. हा दगड पाटीच्या दगडासारखा पापुद्रे सुटून फुटत नाही. नदीत घासून घासून तो गोल होतो, नाहीतर बटाट्यासारखा ओबडधोबड राहतो. गारगोट्या भरपूर, दिसायला देखण्या, पण गुळगुळीत आणि पोटाला फुगलेल्या. त्या पाण्याला टेकल्या की बुडाल्याच. हातात बसेल, कडेला तर्जनी अडकेल, पोट सपाट असेल, फार जड नसेल आणि फार हलकाही नसेल असा गोटा हजारांत एखादा. तो मिळावा म्हणून मामा पात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यावरून वाकून वाकून तासभर चालायचा. मीही चालायचे. आजही कुठल्याही नदीवर गेले की माझी नजर आधी खाली जाते.

गोटा नाहीच मिळाला तर खापर. गावाची वस्ती जिच्यावर बसलेली असते त्या जागेला पांढरी म्हणतात, शेतांना काळी. पांढरीत कुठंही थोडं उकरलं की खापरं निघतात. फुटक्या रांजणांची, घागरींची, कुणी कधी वापरलेल्या आणि कुणी कधी फोडलेल्या मडक्यांची. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. त्यांच्या विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट 1939 मध्ये याच गावात सापडला. इतका काळ माणसानं वस्ती केलेल्या भागात खापरांना काय तोटा? आम्ही ती खिशात भरभरून न्यायचो. खापराचा बाक खाली धरायचा, मग ते पाण्यावरून सुरेख घसरतं. कवेलूचे तुकडेही चालायचे, मात्र ते हलके, वाऱ्यावर भरकटणारे.

पुढं वाचताना कळलं, की खापर हेच या खेळाचं फार जुनं साधन आहे. प्राचीन ग्रीक भाषेत या खेळाला एपोस्ट्राकिस्मोस म्हणत. त्या शब्दात बसलेला ऑस्ट्राकॉन म्हणजे खापरीच. मिनुसियस फेलिक्स या लॅटिन लेखकाच्या पुस्तकात रोमजवळच्या ऑस्टिया इथल्या समुद्रकिनाऱ्यावर पोरं घासून गुळगुळीत झालेले शिंपले आडव्या हातानं लाटांवर फेकताहेत असं वर्णन आहे, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचं. इंग्रजांना त्या उड्यांत बदकं दिसली, स्पॅनिश आणि चेक लोकांना बेडूक. रशियनांना मात्र तव्यावरचे ब्लिनी दिसले, म्हणजे त्यांची धिरडीच. ते वाचलं त्या दिवशी मला एखादा दूरचा नातेवाईक भेटल्यासारखा आनंद झाला होता. आपल्यासारखंच त्यांनीही पाण्यावर जेवण मांडलं होतं.

मामा फार बोलायचा नाही. फेकायला शिकवताना त्यानं मला तीनच वाक्यं सांगितली. "पान्याले मारू नको बाई, पान्यावर ठेव." मग, "हात नाही, मनगट फिरव." आणि तिसरं, "ज्या गोट्याले फिरकी नाही थो बुडते." एवढं सांगून तो कंबरेत वाकायचा, डावा पाय पुढं, उजवा हात जमिनीला समांतर, आणि बोटाच्या टोकावरून गोटा सुटायचा तेव्हा बारीक फुर्र असा आवाज यायचा. तो आवाज आला की टप्पे मोजायला लागायचं, आला नाही तर मामा पाहतही नसे, पुढचा गोटा घ्यायचा.

आणि सकाळी आजी काय सांगत होती? "दाबू नको. हात हलका ठेव, भाकर आपली आपण फिरते." थापताना भाकर परातीत गोल गोल फिरत जाते, फिरते म्हणून सारखी वाढते, सारखी वाढते म्हणून फुटत नाही. मला वाटतं, एकाच आठवड्यात हे दोन धडे मिळाले म्हणूनच दोन्ही पुढं जमले. फिरकी हेच दोन्हीकडचं मर्म होतं.

मामाच्या तीन वाक्यांमागचं शास्त्र वीस वर्षांनी फ्रान्समध्ये मांडलं गेलं. लिडेरिक बोके या भौतिकशास्त्रज्ञाला त्याच्या मुलानं काठावर उभं राहून विचारलं होतं, की दगड पाण्यावरून उसळतो तो कसा? त्यातून 2003 मध्ये त्याचा शोधनिबंध आला. 2004 मध्ये क्लानेत, हर्सेन आणि बोके या तिघांनी ॲल्युमिनियमची चकती यंत्रानं पाण्यावर फेकून, अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपून एक उत्तर काढलं. दगडाचा तळ पाण्याशी सुमारे 20 अंशांचा कोन करून टेकला, तर तो पाण्याला सर्वांत कमी वेळ शिवतो आणि म्हणून त्याचा वेगही कमीत कमी खर्च होतो. आणि हा कोन टप्प्यामागून टप्पा तसाच राहतो तो फिरकीमुळं. भोवरा फिरत असेतो जसा पडत नाही, तसा फिरता दगड कलंडत नाही. फिरकी नसेल तर पहिल्याच धक्क्याला तो तोल सोडतो, कडेवर उभा राहतो आणि पाण्यात जातो. मामाला अंश मोजता येत नव्हते. पण "पान्यावर ठेव" म्हणताना तो हाताचा तळवा पुढून किंचित वर उचलून दाखवायचा, आणि तो कोन मी आजही हातानं दाखवू शकते.

मी शिकले त्याच 1983 साली स्कॉटलंडच्या ईझडेल बेटावर दगड घसरवण्याच्या स्पर्धा पहिल्यांदा झाल्या. ते बेट पाटीच्या दगडाच्या खाणींचं. तिथला दगड जन्मतःच चपटा, आणि जुन्या खाणींतच पाणी साचलेलं. मध्ये बंद पडलेल्या स्पर्धा 1997 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. जगभरातून माणसं येतात आणि दगड किती लांब गेला ते मोजतात. टप्प्यांचा विक्रम अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कर्ट स्टायनर यांच्या नावावर आहे. 2013 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी एका फेकीत 88 टप्पे काढले. अठ्ठ्याऐंशी! आमच्याकडं अकरा काढणाऱ्याचं नाव चार गावांत घेतलं जायचं. त्या आकड्याचा मला हेवा वाटत नाही, पण एका गोष्टीचा वाटतो. त्यांच्या काठावर तो खेळ अजून जिवंत आहे, त्याला मोजणारे लोक आहेत, शिकणारी पोरं आहेत.

आमच्याकडचा तो मेला कशानं? मोबाईलवर खापर फोडणं सगळ्यांत सोपं आहे, आणि गावात विचारलं तर पहिलं उत्तर तेच येतं. मला ते पटत नाही. मोबाईल आले तेव्हा हा खेळ आधीच अंथरुणाला खिळलेला होता. या खेळाला तीन गोष्टी लागतात. उथळ, उघडं, संथ पाणी, हाताजोगा गोटा, आणि ज्याला कुठंही जायची घाई नाही असं पोर. या तिन्ही एकेक करून गेल्या, आणि त्या घालवताना कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं.

गेल्या काही वर्षांत पैनगंगेवर बॅरेजची रांग उभी राहिली. त्यामुळं काठच्या शेतकऱ्याला सोयाबीननंतर हरभरा-गव्हाला पाणी मिळालं. माझ्या मामेभावानं त्या पाण्यावर मुलांची शिक्षणं केली. मी त्या पाण्याविरुद्ध एक शब्दही लिहिणार नाही. पण ते पाणी आता काठोकाठ, काळ्या मातीच्या उभ्या दरडीला टेकून असतं. ज्या गोट्यांच्या पट्ट्यावरून मामा वाकून चालायचा तो कित्येक हात पाण्याखाली गेला. जिथं तो अजून उघडा राहिला असता तिथली रेती उपसून नेली, आणि रेतीबरोबर गोटेही गेले. ओढे-नाल्यांवर जलयुक्त शिवारची खोलीकरणाची कामं झाली. पोकलेननं सरळ रेषेत खोदलेल्या नाल्याला उतार नसतो, उतरायला जागा नसते, वाकून पाण्याच्या पातळीला हात न्यायला काठच नसतो. भाकरी काढायची तर माणूस पाण्याच्या जवळ, खाली, असावा लागतो. पंधरा फूट दरडीवरून फेकलेला दगड 20 अंशांत कसा टेकेल?

मग शेततळी आली. आमच्या गावात आता डझनभर तरी असतील. पाणी किती छान, निळं, हिरवट, आरशासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपोआप जमिनीकडं गेला. पण शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, भोवती जाळी असते. एक टोकदार दगड आत गेला तर कागद फाटतो आणि हजारोंचं नुकसान होतं. तिथं दगड उचलणारं पोर दिसलं की मोठी माणसं ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. त्या कागदाच्या घसरड्या उतारावरून पाण्यात गेलेलं पोर वर येऊ शकत नाही. आता पाण्याजवळ जाऊ नको म्हणणाऱ्या आईला घाबरट म्हणता येणार नाही, कारण आताचं पाणी खरंच तसं आहे. आमचं गुडघाभर होतं.

आणि पोरं? गुराखी पोरं शाळेत गेली, ही तर आनंदाची गोष्ट. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, पोळ्याला नदीवर उतरणाऱ्या जोड्या बोटावर मोजाव्यात इतक्या राहिल्या. नळ आले, धुणं घरी आलं, बायकांचं नदीवर जाणं थांबलं, त्यांच्यामागून जाणारी पोरंही थांबली. नदीकडं जाणारी पांदण बेशरमाच्या झुडपांनी भरली. ज्या वाटेनं कुणी जात नाही तिच्या शेवटी खेळ कसा टिकेल?

मला सगळ्यांत जास्त चुटपूट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. बहुतेक खेळांत चेंडू परत येतो, विटी परत आणता येते, गोट्या खिशात राहतात. भाकऱ्यांत सापडलेली सर्वांत चांगली वस्तू स्वतःच्या हातानं घालवायची असते. तासभर शोधलेला गोटा सहा-सात उड्यांत कायमचा जायचा. मामाला त्याचं काहीच वाटायचं नाही. चांगला गोटा सापडला की तो माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घे, तू टाक." मी तो दोन टप्प्यांत बुडवायचे. एकदाही त्यानं हळहळ केली नाही. लहानपणी मला वाटायचं, की मामाकडं गोट्यांचा मोठा साठा असावा. नव्हता. त्याच्याकडं फक्त नदी होती.

एक गोटा मात्र त्यानं कधी टाकला नाही. तळहाताएवढा, करडा-काळा, एका बाजूला खापरासारखा किंचित बाक, कडा अशी की बोट आपोआप तिथंच बसावं. पोटावर पांढरी शीर, चंद्रकोरीसारखी. तो ओसरीवरच्या कोनाड्यात असायचा. का टाकत नाही म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "पान्याची वाट पाहून राह्यलो." तसं पाणी, वारा पडलेलं आणि काठोकाठ निवळलेलं, त्याला वाटेल तेव्हा यायचं होतं. ते कधी आलं नाही, किंवा आलं तेव्हा त्याचा खांदा धरलेला होता.

मामा जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत गेले तर नदीवर जायला वाट शोधावी लागली. दरडीवर उभी राहिले. समोर पाणी रुंद, स्तब्ध, उन्हात चकचकत होतं, आजाच्या मोगलाईपर्यंत एकसारखं. इतकं भाकरीचं पाणी मी लहानपणी कधीच पाहिलं नव्हतं. खाली उतरायला पायवाट नव्हती, पायाशी मातीची ढेकळं होती, गोटा एकही नव्हता. ढेकूळ टाकलं, ते पाण्याला लागताच विरघळलं.

घरी आले आणि कोनाड्यात पाहिलं. कोनाडा रिकामा. जुनं घर पाडून स्लॅबचं झालं तेव्हा सामान इकडचं तिकडं गेलं होतं. मामीला विचारलं. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. आंब्याच्या लोणच्याची बरणी, वर फडकं, फडक्यावर बशी आणि बशीवर तो गोटा, चंद्रकोर वर करून. मी तो उचलला. बोट कडेला बसलं तसं मनगट आपोआप वळलं. मामी पाहत होती. तिनं हळूच तो माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा बशीवर ठेवला.

"थो नेऊ नको बाई," ती म्हणाली. "लोनच्यावर ठेवाले असा चपटा गोटा आता कुठी भेटते?"